टेमा सोडून हॅम्बुर्गला जावं का?

वाचकाचं पत्र (थोडं संक्षिप्त करून) :

ताई, मी मूळची सांगलीची, वय ३५. नवरा जहाजवाहतुकीच्या कंपनीत आहे. त्याच्या नोकरीमुळे सहा वर्षांपूर्वी आम्ही घानात, टेमाला आलो. मुलगी तेव्हा वर्षाची होती, आता सात वर्षांची आहे. आता त्याला हॅम्बुर्गच्या ऑफिसात बोलावलंय. सगळे म्हणतात नशीब काढलंत. सासूबाई फोनवर म्हणाल्या, ‘आफ्रिकेतून युरोपात जायचं, त्यात विचार कसला करताय?’ पण मला जावंसं वाटत नाहीये. इथे घर मोठं आहे, कामाला अकोसुआ आहे, ड्रायव्हर आहे. समोरच्या आजी मुलीला नातीसारखं वागवतात, शुक्रवारी जन्मली म्हणून ‘अफुआ’ म्हणतात. मी फिजिओथेरपिस्ट आहे, पण इथे आल्यापासून काम केलेलं नाही. नवरा म्हणतो, तुला ऐषारामाची सवय लागलीय, हा आळशीपणा आहे. खरंच तसं आहे का? दोन देशांचं राहणीमान ताडून बघायचं तर नेमकं काय बघायचं? मला ‘अगं’ म्हणूनच लिहा. — एक वाचक, टेमा

अगं,

आळशीपणा नाही हा. तो शब्द आधी मनातून काढून टाक आणि मग पुढचं वाच. जिथे लेक चालायला-बोलायला शिकली ते गाव सोडताना पोटात कालवलं नाही तरच नवल. पण नवऱ्याच्या बोलण्यात एक धागा खरा आहे. तो मी सोडणार नाही, त्याच्याकडे येतेच.

मी २०११ ते २०१६ घानाच्या राजधानीत, अक्रात होते आणि तिथून जर्मनीत, ब्रेमेनला, चार वर्षं. त्यामुळे तुझ्या पत्रातलं बरंच काही मला घरचंच वाटलं.

सासूबाईंपासून सुरुवात करू. आकडे त्यांच्या बाजूने आहेत, हे मान्य करून टाकलेलं बरं. जर्मनीत जन्मलेलं मूल सरासरी ८१ वर्षं जगतं, घानातलं ६५च्या आसपास. पाच वर्षांच्या आत दगावणारी मुलं घानात हजारी ४०च्या घरात, जर्मनीत ४. दरडोई उत्पन्नात तर वीसपटीचं अंतर. हे आकडे किरकोळ नाहीत, त्यांच्यामागे घरं आहेत. २०२२ साल तू तिथेच काढलंस. वर्षाच्या सुरुवातीला डॉलरला घानाचे सहा सेडी मोजावे लागत, नोव्हेंबरात चौदाच्या वर. डिसेंबरात महागाईचा दर ५४ टक्क्यांवर गेला आणि त्याच महिन्यात सरकारने बहुतेक परदेशी कर्जाची फेड थांबवली. तुमच्यासारख्यांना ते बातम्यांत दिसलं असेल. अकोसुआला ते केंकीच्या, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाच्या, गोळ्यात दिसलं असणार, भाव तोच ठेवायचा म्हणून दर महिन्याला लहान लहान होत गेलेल्या.

पण सासूबाई आकडे सांगत नव्हत्या. ‘आफ्रिका’ या एका शब्दात त्यांनी पन्नासवर देश कोंबले आणि त्यातला एकही पाहिला नाही. त्यांना भांडून काही समजवू नकोस, दोन गोष्टी सांग. कोव्हॅक्स या जागतिक योजनेतून कोरोनाच्या लशीची पहिली खेप जगात ज्या देशाला मिळाली तो घाना. २४ फेब्रुवारी २०२१ला अक्राच्या विमानतळावर सहा लाख डोस उतरले आणि ते पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झाले होते. पुढे त्याच सीरममध्ये तयार होणाऱ्या ‘आर-२१’ या मलेरियाच्या लशीला जगात सर्वांत आधी मंजुरी दिली तीही घानाने, एप्रिल २०२३मध्ये. आपल्या पुण्याचं त्या देशाशी इतकं जवळचं काम चाललंय, हे सांगलीतल्या माणसाला ऐकायला आवडेल.

आणि हे अंतर आलं कुठून, तेही एकदा मुलीला सांग. तुझ्या नवऱ्याच्याच धंद्यातली गोष्ट आहे. कोको पिकवण्यात घाना जगात आघाडीवर, पोती टेमाच्या आणि ताकोराडीच्या बंदरातून बाहेर पडतात. चॉकलेट विकून पैसा मिळवणाऱ्या देशांत जर्मनी आघाडीवर, आणि तिथे कोकोचं झाड उगवत नाही. घानाच्या पूर्वेकडच्या व्होल्टा भागात गेली असशील तर त्यातला बराचसा मुलूख १८८४पासून पहिल्या महायुद्धापर्यंत जर्मनांच्याच ताब्यात होता, टोगोलँड म्हणून. त्याचा ब्रिटिशांकडे गेलेला भाग १९५६च्या सार्वमताने घानात आला. म्हणजे तू ज्या दोन देशांची तुलना करतेयस ते एकमेकांना जुने ओळखतात. एक हुशार आणि एक मागासलेला, अशी ती जोडी नाही.

आता तो धागा, जो मी सोडणार नाही म्हटलं.

तू टेमातलं तुझं राहणीमान हॅम्बुर्गमधल्या तुझ्या राहणीमानाशी ताडून बघतेयस. त्यात घाना आणि जर्मनी आलेच नाहीत. टेमात तू शिडीच्या वरच्या पायरीवर आहेस, हॅम्बुर्गला मधल्या पायरीवर असशील. तुला खाली उतरल्यासारखं वाटणार, कारण तू खरोखर उतरणार आहेस. आणि वरची ती पायरी टेकलेली आहे अकोसुआच्या मजुरीवर. २०२५मध्ये घानातलं किमान वेतन होतं १९.९७ सेडी. दिवसाचं. त्याचे दोन युरोसुद्धा होत नाहीत. जर्मनीत त्याच वर्षी किमान वेतन होतं १२.८२ युरो, तासाला. तुम्ही अकोसुआला किमान वेतनापेक्षा बरंच जास्त देत असाल, मला खात्री आहे. तरीही घरात पूर्णवेळ बाई परवडते ती या अंतरामुळे. हॅम्बुर्गला ती परवडणार नाही, कारण तिथली बाई स्वस्त नाही. त्या देशाचं राहणीमान उंच आहे म्हणतात त्याचा मोठा भाग हाच आहे.

मला हे अक्रात एका रात्री कळलं. ‘दुमसोर’चे दिवस होते. हा शब्द अकान भाषेतला, दुम म्हणजे विझणं आणि सोर म्हणजे पेटणं. २०१५च्या सुरुवातीला वेळापत्रकच लागलं होतं, चोवीस तास वीज नाही आणि मग बारा तास आहे. आमच्या घराला जनरेटर होता. रात्री नऊला मी पाणी प्यायला उठले आणि खिडकीतून पाहिलं, तर फाटकावरच्या आमच्या दिव्याखाली वॉचमनची मुलगी वही घेऊन बसली होती. पाठीमागे पूर्ण गल्ली काळी. ती डास मारायची, लिहायची, परत डास मारायची. मी तिला आत बोलावलं, ती लाजून आलीच नाही. दुसऱ्या दिवसापासून व्हरांड्यात टेबल आणि पंखा लावून दिला, मग यायला लागली. पण त्याआधी दोन वर्षं तो दिवा रोज तसाच लागत होता आणि मी कधी बाहेर डोकावले नव्हते.

म्हणून राहणीमान बघताना एक प्रश्न मी तेव्हापासून धरून आहे : आपला पाय घसरला तर खाली काय आहे? पैसा असताना दोन्हीकडे बरंच असतं. पैसा आटला, आजारपण आलं, नोकरी गेली, म्हणजे मग देश दिसतो.

घानात यातलं काहीच नाही असं समजू नकोस. आधी तिथल्या सरकारी दवाखान्यात आधी पैसे भरा मग उपचार घ्या असा कारभार होता, लोक त्याला ‘कॅश अँड कॅरी’च म्हणत. तो मोडण्यासाठी २००३मध्ये राष्ट्रीय आरोग्य विम्याचा कायदा झाला, २००८पासून गरोदर बायकांना त्यात हप्ता माफ आहे. गरीब देशाने उचललेलं हे मोठं पाऊल होतं. पण कार्ड असूनही औषध बाहेरून विकत आणावं लागतं, हे अकोसुआ तुला सांगेल. तिथे घसरलेल्या माणसाला खरा आधार असतो तो माणसांचा : भाऊबंद, चर्च, आणि रोज सकाळी येऊन ठरलेले पैसे गोळा करणारा सुसूवाला. आपल्या पिग्मीसारखंच ते, महिनाअखेरीस एक दिवसाचे पैसे कापून बाकी सगळे परत.

जर्मनीत हे काम कायद्याने वाटून घेतलेलं आहे, तेही १८८३पासून, बिस्मार्कच्या आजारविम्यापासून. नवरा सरकारी आरोग्यविम्यात असला आणि तुला कमाई नसली तर तू आणि मुलगी त्याच विम्यात, वेगळा हप्ता न भरता. आजारी पडलं तर सहा आठवडे पूर्ण पगार. मुलगी तापाने फणफणली तर घरी बसायला प्रत्येक पालकाला वर्षाला पंधरा दिवस मिळतात. मुलासाठी दर महिन्याला सरकारकडून पैसे मिळतात, श्रीमंत असो की गरीब; २०२५मध्ये ते २५५ युरो होते. सरकारी शाळेला फी नाही. याची किंमतही आहे : नवऱ्याचा पगार कागदावर दिसेल तो, आणि कर-विमे जाऊन हातात येईल तो, यात एवढा फरक असतो की पहिली पावती बघून माणूस गप्प होतो. तेव्हा आकडा विचारायचा तो हातात येणारा. शिवाय टेमात घर, गाडी, मुलीची फी, वर्षाचं विमानाचं तिकीट यातलं काय काय कंपनी देतेय ते वहीत मांडून बघा. हॅम्बुर्गला शिल्लक कमी पडेल, बहुधा बरीच कमी. हे आधी कळलेलं असलं की घरात नंतर भांडणं होत नाहीत.

माणसांच्या आधाराबद्दल मात्र तुला वाटतेय ती भीती खरी आहे, आणि मी ती झाकून ठेवणार नाही.

अक्रात मला मलेरिया झाला तेव्हा शेजारच्या बाईंना कुणी सांगितलंही नव्हतं. फाटक दोन दिवस उघडलं नाही एवढं बघून त्या आल्या, मसालेदार पातळ सूपचं भांडं घेऊन, आणि सलग पाच दिवस आल्या. ‘तुम्हाला काही लागलं तर सांगा’ हे वाक्य त्यांनी एकदाही म्हटलं नाही. ब्रेमेनला दुसऱ्या हिवाळ्यात मी बर्फावर घसरून मनगट मोडलं. रुग्णवाहिका, प्लास्टर, नंतरचे व्यायाम, सगळं विम्यातून झालं, माझ्या खिशातून किरकोळ रक्कम गेली. आणि तीन आठवडे कुणी दार वाजवलं नाही. मी उशीत तोंड खुपसून रडले होते, खोटं कशाला सांगू. चौथ्या आठवड्यात जिन्यात वरच्या मजल्यावरचे म्हातारे गृहस्थ भेटले आणि माझ्या लक्षात आलं की दारासमोरचा बर्फ काढायची आमची पाळी होती, आणि तो रोज सकाळी सातच्या आत ते काढत होते. विचारलं तर म्हणाले, तुमचा हात मोडलाय ना. बस, एवढंच. न विचारता दार वाजवणं त्यांना उद्धटपणा वाटला असता. त्या दिवसापासून आमची ओळख झाली, आणि ती आजही आहे. पण व्हायला सव्वा वर्ष लागलं. तू मनाशी एक-दोन वर्षांचा एकटेपणा धरूनच जा.

संस्कृतीचं म्हणशील तर घाना आपल्याला फार जवळचं आहे आणि तुला करमतंय ते त्यामुळे, ऐषारामामुळे नाही. नवऱ्याला हे दाखव. डाव्या हाताने काही द्यायचं नाही, हे तुला तिथे कुणी शिकवावं लागलं नाही. जेवत असताना कुणी आलं तर घानातला माणूस आधी म्हणतो, तुम्हाला आमंत्रण आहे. आपण म्हणतो, या जेवायला. बाळाला आठव्या दिवशी बाहेर आणून नाव ठेवतात, आपलं बारसं बाराव्याला. आणि वाराचं नाव! समोरच्या आजींनी तुझ्या लेकीला अफुआ केलं, तसं आपल्याकडे सोमवारी जन्मला तो सोमा, बुधवारचा बुधा, मंगळवारचा मंगळ्या, अशी नावं खेड्यापाड्यांत कितीतरी होती. अक्रात ओडोरकोरला घानातल्याच माणसाने, स्वामी घनानंद सरस्वतींनी, १९७५मध्ये हिंदू मठ उभा केला. गेली नसशील तर निघण्याआधी मुलीला घेऊन जाऊन ये. गणपतीसमोर घानातली माणसं हात जोडून बसलेली तिने पाहिलेली असावीत.

जर्मनीत जवळीक अशी समोर येत नाही, तिची वेळ ठरलेली असते. रविवारी दुकानं बंद. रात्री दहानंतर मिक्सर लावायचा नाही, चटणी संध्याकाळीच वाटायची. भाड्याच्या घरात बरेचदा स्वयंपाकाचा ओटा नसतो, आधीचे भाडेकरू तो काढून नेतात. घर बघताना हे विचार. मुलाच्या वाढदिवसाला आधल्या दिवशी शुभेच्छा देऊ नकोस, अशुभ मानतात. ओळखी हव्या असतील तर त्यांच्या मंडळांत शिरायचं, गाण्याचं, खेळाचं, बागेचं. आठवड्याला तोच वार, तीच वेळ. गप्पा मारायला म्हणून कुणी येत नाही, पण काम करता करता मैत्री होते.

रंगाचंही सांगायला हवं. टेमात तुला ‘ओब्रोनी’, म्हणजे परकी, म्हणून हाक मारतात, तेव्हा त्यात बहुतेकदा कुतूहल असतं आणि तू वरच्या पायरीवर असतेस. जर्मनीत २०२५च्या निवडणुकीत परदेशी लोकांविरुद्ध बोलणारा पक्ष २०.८ टक्के मतं घेऊन दुसरा आला. हॅम्बुर्ग हे बंदराचं, मिसळलेलं शहर आहे, घाबरून राहण्यासारखं काही नाही. पण एखाद्या दिवशी कुणी काही बोलेल, आणि तेव्हा आपली माणसं आफ्रिकेतल्या लोकांबद्दल घरात काय काय बोलतात ते तुला आठवेल.

आता माझं मत विचारशील तर : जा. आणि जायचंच असेल तर या वर्षभरात जा.

कारण युरोप नाही, कारण तुझ्या मुलीचं वय आहे. हॅम्बुर्गला प्राथमिक शाळा चौथीपर्यंत. त्यानंतर मुलं दोन प्रकारच्या शाळांत विभागली जातात, गिमनासियम (अभ्यासात पुढे असणाऱ्यांची) किंवा श्टाटटाइलशूल (सगळ्यांसाठीची). दुसऱ्या शाळेतूनही विद्यापीठापर्यंत जाता येतं, पण दहाव्या वर्षी भाषा कच्ची असलेलं मूल विनाकारण मागे पडतं. सात वर्षांच्या मुलीला जर्मन शिकायला तीन वर्षं मिळतील. तेच तुम्ही आणखी तीन वर्षं टेमात काढून मग गेलात तर तिच्या वाट्याला सगळ्यांत वाईट वेळ येईल.

दुसरं कारण तू. सहा वर्षं तुझे हात बंद आहेत आणि पत्रात तू ते एका ओळीत उरकलंस. टेमात तुमचं सगळं घर एका माणसाच्या नोकरीवर आणि त्या नोकरीमुळे मिळालेल्या परवान्यावर उभं आहे. जर्मनीत नवऱ्याला ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा परवाना) मिळालं तर बायकोला पहिल्या दिवसापासून काम करता येतं आणि व्हिसासाठी जर्मन येण्याची अटही नसते. फिजिओथेरपिस्टची तिथे टंचाई आहे. पण पदवी तशीच चालत नाही, मान्यता घ्यावी लागते. साधारण बी-२ पातळीचं जर्मन, आणि अभ्यासक्रमात फरक निघाला तर पूरक प्रशिक्षण किंवा परीक्षा. माझ्या मनगटाचे व्यायाम घेणारी मुलगी इराणहून आलेली होती, तिला या सगळ्याला दीड वर्ष लागलं होतं. तेव्हा अक्रातल्या गोएथे इन्स्टिट्यूटमध्ये आत्ताच नाव घाल, निघण्याआधी ए-१, म्हणजे पहिली पातळी, उरकून टाक. मार्कशीट, इंटर्नशिपचा दाखला, विषयवार तासांचं पत्रक हे सगळं कॉलेजातून मागवून घे. हे काम सासूबाईंना सांग. त्या सांगलीत बसून पाठपुरावा करतील आणि त्यांनाही बरं वाटेल.

नोव्हेंबरात मात्र जाऊ नका, कंपनी कितीही घाई करो. टेमात वर्षभर सहाला उजाडतं आणि सहाला मावळतं. हॅम्बुर्गला डिसेंबरात साडेआठला उजाडतं आणि चारला अंधार. एप्रिल-मेमध्ये पोहोचलात तर शाळेचं नवं वर्ष सुरू होण्याआधी मुलीला पूर्ण उन्हाळा मिळेल. आणि जर्मनीत घानाच्या लोकांची सगळ्यांत मोठी वस्ती हॅम्बुर्गमध्येच आहे. आफ्रिकन दुकानात केळी, गारी (कसाव्याचा रवा), शितो (मिरचीचा ठेचा) मिळेल. लेकीला ‘वाचे’ (घानाचा चवळी घातलेला भात) खावंसं वाटलं की तिला तिथे ने आणि दुकानदारीणबाईंना आपलं नाव अफुआ सांगू दे.

अकोसुआबद्दल तू काहीच विचारलं नाहीस, म्हणून मीच सांगते. घरकाम करणाऱ्यांसाठी घानात २०२०पासून नियम आहेत, लेखी करार आणि निवृत्तिनिधी दोन्ही त्यात येतात. मालकाचे १३ टक्के, कामगाराचे साडेपाच. तुम्ही तिच्या नावाने भरत होतात का? नसाल तर निघण्याआधी बसून सहा वर्षांचा हिशेब करा आणि तो पैसा तिच्या हवाली करा, बक्षीस म्हणून नाही, तिचा म्हणून. तीन महिने आधी तिला सांग. नवीन घर बघून दे, आणि चांगलं पत्र लिहून दे, तिचं पूर्ण नाव घालून.

शेवटच्या आठवड्यात समोरच्या आजींकडे लेकीला घेऊन जा, उजव्या हाताने द्यायला काहीतरी ने. उठताना ‘निघतो’ म्हणून मोकळी होऊ नकोस. तिथल्या रीतीप्रमाणे पाहुण्याने रस्ता मागायचा असतो, आणि घरचं माणूस म्हणतं, अर्धा रस्ता देते, म्हणजे उरलेल्या अर्ध्यासाठी परत यायचं. लेकीला तो मागायला लाव. आपण दारातून ‘येते’ म्हणतो, ते का, हेही तिला त्याच दिवशी सांगता येईल.

तुझी,
ताई